दाशीत काय आहे?

सोमवार, रात्र

सकाळपासून पाऊस. टोकियोतही पाऊस नेमका आपल्या आषाढाच्या तोंडावरच येतो. ह्या पावसाळ्याला इथे 'त्सुयु' म्हणतात, आणि सोबाच्या शेवया ज्यात बुडवून खातात त्या काळसर रसालाही त्सुयुच म्हणतात. लिहायला वेगळं, कानाला एकच. आज दोन्ही त्सुयुंनी मला गाठलं.

ओतेमाचीला ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक सोबाचं दुकान आहे. एप्रिलपासून आठवड्यातून तीनदा तरी मी तिथे जेवतेय. बांबूच्या चटईवर कुट्टूच्या पिठाच्या गार शेवया, वाटीत त्सुयु, चिमूटभर वासाबी, बारीक चिरलेली कांद्याची पात. पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या जपानीत विचारून घेतलं होतं, ह्यात मांस नाही ना? नाही म्हणाले. मी निर्धास्त झाले. "जेवणाची सोय लागली" म्हणून आईला फोटोही पाठवला होता.

आज उशिरा गेले, दुकान जवळजवळ रिकामं होतं. आत आचारी मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ओंजळीओंजळीने काहीतरी टाकत होता. सुताराच्या रंध्याखालून लाकडाची पातळ साल निघते ना, अगदी तशी गुलाबीसर तपकिरी साल. वाफ लागली की ती वळवळायची, जिवंत असल्यासारखी. मी विचारलं, हे काय? "कात्सुओ," तो म्हणाला, आणि फळीवरून दोन अख्खे तुकडे काढून एकमेकांवर वाजवून दाखवले. टणटण आवाज आला. उकडून, धुरावर धरून, महिनोन् महिने वाळवलेला मासा. लाकूडच झालेला. असं काही उकळून काढलेल्या पाण्याला इथे दाशी म्हणतात, आणि तीच माझ्या त्सुयुत होती. त्याच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं, जसं आपल्याकडे कोणी घरच्या झाडाचा हापूस हातात देतं. मी मान हलवली, पैसे दिले, बाहेर आले. छत्री उघडायचंही सुचलं नाही.

तीन महिने.

त्याने मला फसवलं नाही, हे मला स्वतःला नीट सांगायला हवं. मी 'निकु' नाही ना असं विचारलं होतं, आणि निकु म्हणजे मांस. इथे मासा निकुत धरत नाहीत. कित्येकदा निकुशिवाय मागितलं तरी वर हॅमचे चौकोन पेरून येतात, कारण ते 'थोडंसंच' असतं. तेन्मु नावाच्या सम्राटाने इ.स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती. पुढे मेइजी सम्राटाने 1872 साली उघडपणे गोमांस खाल्लं, तोवर ह्या देशात जनावराचं मांस खाणं कमीपणाचंच मानत. पण मासा त्या बंदीत नव्हता. हजार-बाराशे वर्षं मांस टाळणाऱ्यांच्याही वाटीत मासा होताच. मग रसातल्या माशाची वेगळी नोंद तो आचारी कशाला घेईल? आपण आमटीत हिंग आहे म्हणून पाहुण्याला सांगतो का?

मंगळवार

दुपारी केळं आणि दही. कोन्बिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, उमेबोशी घातलेला भाताचा त्रिकोण हातात घेतला. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आत दुसरं काहीच नाही असं मी धरून चालले होते. पाकीट उलटं करून फोनने वाचलं तर घटकांमध्ये कात्सुओचा अर्क. ॲलर्जीच्या चौकटीत अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा सगळं ठळक लिहितात, पण हा मासा त्या यादीत नाही. तो खालच्या बारीक अक्षरांतच शोधावा लागतो. 'निकु'चं अक्षर मला आता दुरूनही ओळखता येतं, एका चौकटीत एकाखाली एक दोन माणसं उभी असल्यासारखं. कात्सुओ कधी कधी वेगळ्याच अक्षरांत लिहिलेला असतो. तो अजून पाठ व्हायचाय.

बुधवार

संध्याकाळी निशिकासाईला गेले. तोझाई लाइनने ओतेमाचीहून सरळ. तिथे किराण्याच्या दुकानात तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं आणि कानावर दोनदा तरी मराठी पडतं. ओळखीतले चौघे जेवायला जमलो होतो. मी झाला प्रकार सांगितला. एकजण म्हणाला, "अगं, रसाचं काय घेऊन बसलीस? तुकडे बाजूला काढायचे आणि खायचं. इथे राहायचं तर एवढं चालवून घ्यावं लागतं." त्याने वाईट हेतूने म्हटलं नाही. तो सहा वर्षं इथे आहे, थकलाय विचारून विचारून. पण मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं.

घरी येऊन आईला फोन केला. रडू आलं. ती म्हणाली, "नकळत झालं, त्याचा दोष नाही गं लागत." मला दोषाचं वाटत नव्हतंच. चिंचवडला शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या डब्यात सुकट असायची, आणि मी तिच्याच शेजारी बसून जेवायचे. विटाळ म्हणून मी मासा टाळत नाही. 'शुद्ध शाकाहारी' पाटीतला तो 'शुद्ध' मला इथे येऊन खटकायला लागलाय, कारण त्याने समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो. मी खात नाही ते एवढ्याचसाठी की माझ्या पोटासाठी कोणाचा जीव जाऊ नये, हे मी स्वतः ठरवलंय. वारशाने मिळालं होतं खरं, पण पुढे माझं मी ठरवलं. तेच नकळत मोडलं गेलं, आणि तेही मी अर्धाच प्रश्न विचारल्यामुळे. खूप विचारलं तर आपण नखरेल दिसू, गर्दीत मागच्यांचा खोळंबा होईल, ह्या भीतीने मी एका शब्दावर थांबले होते.

आता वाक्य पाठ केलंय: निकु मो, साकाना मो, कात्सुओ नो दाशी मो. मांसही नाही, मासाही नाही, कात्सुओची दाशीही नाही. त्यांचा 'मो' म्हणजे आपला 'ही'च.

शुक्रवार

आज कांदेनवमी. घरी भज्यांचा घाणा निघाला असेल. उद्या टीमचं जेवण आहे. मी "पोट बरं नाही" सांगून टाळणार होते, एप्रिलमध्ये टाळलं होतं तसंच. पण टीममधल्या वडीलधाऱ्या बाई समोर आल्या आणि मी सरळ खरं सांगून टाकलं. सोबाचंही. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, तीन महिने शेजारी बसतेयस आणि मला ठाऊक नाही?

त्यांनी तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला. मी घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं बोलत होत्या. फोनवर समोरचा दिसत नसूनही पुन्हा पुन्हा कमरेतून वाकत होत्या. माझ्या जेवणासाठी. 'शोजिन' हा शब्द तेवढा कळला. शोजिन म्हणजे बौद्ध मठांतला स्वयंपाक. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही परवाच्या एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद असतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवार, उशिरा

इतरांना त्यांचं नेहमीचं जेवण, मला वेगळं ताट. तिळाची पेस्ट आणि कुझू नावाच्या कंदाचं पीठ घोटून केलेलं गोमादोफु, खरवसासारखं थरथरणारं. त्यावर थेंबभर सोया आणि वासाबी. भोपळा, शिताके नावाची अळंबी, आणि एक स्वच्छ सार. सार तोंडात घेतलं आणि थांबले. तीच चव! तीन महिने जिच्यामागे मी सोबाच्या दुकानात जात होते, ती. जरा हलकी, धुराचा वास नसलेली, पण तीच.

आचारी स्वतः बाहेर आले. ही दाशी कोम्बूची, समुद्रातल्या शेवाळाची, आणि सुकवलेल्या शिताकेची, रात्रभर भिजवून केलेली. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक इकेदा किकुनाए ह्यांनी 1908 साली ह्या कोम्बूतूनच ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं, हे त्यांनी शाळेतल्या मास्तरांच्या उत्साहाने सांगितलं. कात्सुओतला घटक त्यानंतर सापडला. निघताना त्यांनी हातात कोम्बूची कागदी पुडी दिली. वरची पांढरी भुकटी धुवायची नाही, ओल्या फडक्याने नुसतं पुसायचं.

रविवार

रात्री भिजवलेल्या कोम्बूच्या पाण्यात सकाळी तूरडाळ शिजवली. आमसूल, गूळ, गोडा मसाला. आज एकादशी, घरी सगळ्यांचा उपास. मी मात्र भात कालवून दोन वाट्या आमटी खाल्ली. आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते, समुद्रातलं एक शेवाळ असतं, त्याचं पाणी काढायचं.

"समुद्रातलं म्हणजे नक्की काय गं?" तिने विचारलं. "मासा नाही ना त्यात? नीट विचारलंस ना?"

उरलेला तुकडा मी कॅमेऱ्यासमोर धरला आणि तिला पहिल्यापासून सांगायला बसले.