नात्सुमेपेक्षा मला तानुमा जास्त आवडतो

शनिवार, रात्रीचे दीड वाजून गेलेत

परत नात्सुमे लावलंय. म्हणजे 'नात्सुमे युजिन्चो' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सातवा सीझन आला तेव्हाच ठरवलं होतं की सगळं पहिल्यापासून बघायचं, तेव्हा काही झालं नाही, आता दिवसभर पाऊस आणि कुठे जायचं नाही म्हटल्यावर बसले एकदाची. पहिला सीझन 2008 चा आहे, त्यामुळे चित्रं जरा जुनाट वाटतात पण दोन एपिसोडनंतर ते डोळ्यांना कळत पण नाही.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी. ताकाशी नात्सुमे नावाचा शाळकरी मुलगा, आईबाप लहानपणीच गेलेले, आज या नातेवाइकाकडे उद्या त्या असं करत वाढलेला. त्याला योकाई दिसतात. योकाई म्हणजे आपण म्हणतो तशी भुतं नव्हेत, मेलेल्या माणसाचं काही नाही त्यात, झाडात डोंगरात पाण्यात राहणारे जीव, कुणी देवाच्या जवळ जाणारं, कुणी नुसतंच खोडकर, कुणी खरंच माणूस खाणारं. त्याची आजी रेइको, तिलाही दिसायचे. माणसांनी तिला कधी जवळ केलं नाही, म्हणून ही बाई रानात जाऊन योकाईंशी पैजा लावायची, हरवायची आणि हरलेल्याचं नाव कागदावर लिहून घ्यायची. त्या कागदांची वही म्हणजे युजिन्चो. ज्याच्या हातात वही त्याच्या हुकमात ते सगळे, आणि कागद जाळला तर तो योकाईपण जळणार. रेइको तरुणपणीच गेली. आता नातू एकेक नाव परत करत फिरतो.

नाव परत करतानाचा सीन कितीदा बघितला तरी तोच काटा येतो अंगावर. वहीतलं पान आपोआप उभं राहतं, हा ते फाडतो, दातात धरतो, टाळी वाजवल्यासारखे हात जोडतो आणि फुंकर मारतो, की शाईची अक्षरं कागदावरून सुटून सरळ त्या योकाईकडे. आणि त्या क्षणी नात्सुमेला रेइको दिसते, तिचा एखादा दुपारचा तुकडा. तिला तो कधी भेटलेलाच नाही. आजीची ओळख त्याला होते ती अशी, तिने ज्यांना छळलं त्यांच्याकडून!

दुसरा एपिसोड आज परत बघितला, त्सुयुगामीचा. छोटंसं देऊळ, त्यात राहणारा देव, तोही खरा देव नाहीच, नुसता भटका योकाई होता, देवळात येऊन राहिला, दुष्काळात लोकांनी हात जोडले आणि योगायोगाने पाऊस पडला, झाला देव. भक्त होते तेव्हा हा मोठा होता, आता एकच म्हातारी येते, हाना नावाची, त्यामुळे हा बोटाएवढा झालाय. त्याचं नाव परत द्यायचं तर पान दुसऱ्या एका योकाईच्या पानाला चिकटलेलं, का, तर रेइको नाव लिहून घेताना जेवत होती आणि भाताचं शीत मधे चिकटलं. एका शितामुळे अख्खा एपिसोड! असलं बारीक सुचतं कसं यांना. मग म्हातारी जाते, आणि शेवटचा भक्त गेला म्हणजे देवही जाणार. नात्सुमे म्हणतो मी करीन तुझी पूजा, तर हा म्हणतो, नको, तू मित्र आहेस माझा. दुसऱ्याच एपिसोडला हे करून ठेवतात, मग बसा रडत.

आई भाजी निवडत शेजारी बसली होती. तिला जपानी कळत नाही आणि सबटायटल वाचायला चष्मा लावायचा कंटाळा, पण बघत होती. मधेच म्हणाली, "अगं, हा त्या बाईंना सांगून का टाकत नाही एकदाचं?" त्या बाई म्हणजे तोको-सान. फुजिवारा नवराबायको, मूलबाळ नाही, लांबच्या नात्यातला हा मुलगा त्यांनी आपणहून घरी आणला. आईला म्हटलं, आधीच्या घरांमध्ये खरं सांगून बघितलं तर खोटारडा ठरला, लक्ष वेधायला करतो म्हणाले, म्हणून आता घाबरतो. आई म्हणाली, "तिला कळलंय सगळं, ती विचारत नाहीये एवढंच."

आता हे मालिकेत कुठे असं स्पष्ट म्हटलेलं नाही. पण आईचं बोलणं डोक्यातून जाईना आणि मग पुढचे एपिसोड मी तोको-सानवरच नजर ठेवून बघितले. पोरगं कधीही धडपडत, चिखलात लोळून घरी येतं, ही फार खोदत नाही. गरम जेवण वाढते. डुकरासारखं लठ्ठ मांजर घरी आणलं, तेही ठेवून घेतलं.

ते मांजर म्हणजे न्यान्को-सेन्सेई. खरं रूप मादारा, भला मोठा पांढरा श्वापदासारखा योकाई, पण मानेकी-नेकोच्या, म्हणजे त्या हात वर केलेल्या मांजराच्या मूर्तीत इतकी वर्षं कोंडलेला होता की तेच शरीर अंगवळणी पडलंय, आणि त्या रूपात तो साध्या माणसांनाही दिसतो. करार असा की नात्सुमे मेला की वही याची, तोवर बॉडीगार्ड. दारू पिऊन रात्री तर्राट होऊन येणारा बॉडीगार्ड. आवाज काझुहिको इनोउएचा, 'नारुतो'मधला काकाशी तोच! आणि नात्सुमेचा आवाज हिरोशी कामियाचा, जो 'अटॅक ऑन टायटन'मध्ये लीवाय आहे. एकच गळा, आणि इथे किती मऊ, विश्वास बसत नाही.

सगळ्यांना सेन्सेई आवडतो, मर्चंडाइज पण सगळं त्याचंच. मला मात्र तानुमा. देवळातल्या भिक्षूचा मुलगा, याला योकाई नीट दिसत नाहीत, नुसती चाहूल लागते, डोकं दुखतं. त्याच्या खोलीच्या छतावर त्याला पाण्याची सावली हलताना दिसते, त्यात मासे पोहतात. बागेत तळं नाहीये. म्हणजे नात्सुमेला आहे. नात्सुमेला अख्खं तळं दिसतं, याला फक्त त्याची छतावरची सावली. या दोघांची मैत्री म्हणजे एवढंच आहे बघा, एकाला सगळं दिसतं आणि तो सांगत नाही, दुसऱ्याला अर्धं दिसतं आणि तो विश्वास ठेवतो. आणि तानुमाचा जो त्रास आहे ना, की मित्र कुठल्या संकटात आहे ते मला कळतच नाही, मदत करायला गेलो तर मीच लोढणं होतो, तो मला नात्सुमेच्या त्रासापेक्षा जवळचा वाटतो. योकाई दिसणं आपल्या नशिबात नाही, पण जवळच्या माणसाचं दुखणं फक्त सावलीएवढं दिसणं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे की.

नात्सुमेची मैत्रीण ताकी, तिचंही तसंच, तिला फक्त जमिनीवर काढलेल्या वर्तुळात आलेला योकाई दिसतो. वर्तुळाबाहेर गेला की गायब.

धरणाचा एपिसोड परवा बघितला. पाणी आटतं आणि धरणात बुडालेलं गाव वर येतं, त्याच्याबरोबर तिथली एक योकाई, तिला एका माणसाला एकदाच भेटायचंय. मी उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरल्यावर वर आलेलं पळसदेवचं देऊळ बघितलंय, त्यामुळे तो चिखल आणि त्या भिंती बघताना मला कथेच्या आधी वास आला.

कथेतला प्रदेश जपानच्या क्युशू बेटावरच्या कुमामोतोवरून घेतलाय, मूळ मांगा म्हणजे चित्रकथा काढणारी युकी मिदोरिकावा तिथलीच, आणि हितोयोशी गावात फॅन लोक जागा शोधत जातात. 2020 च्या जुलैमध्ये तिथल्या कुमा नदीला भयानक पूर आला, रेल्वेपूल वाहून गेले, त्याचे फोटो बघताना सारखं वाटत होतं की ही नदी तर आपल्या ओळखीची आहे. कधीही न गेलेल्या गावाबद्दल असं वाटणं जरा वेडेपणाच, पण वाटलं.

एक तक्रार आहेच. सात सीझन, 86 एपिसोड, आणि वही अजून संपत नाही. मधले काही एपिसोड तर एकाच साच्यातले, योकाई आला, रडला, गेला. पण मग मातोबा येतो आणि झोप उडते. योकाईंचा बंदोबस्त करणाऱ्या मांत्रिक घराण्याचा प्रमुख, योकाईंना वापरून फेकणारा, गोड हसणारा, उजव्या डोळ्यावर मंत्राची पट्टी. याच्या पूर्वजाने एका योकाईला मदतीच्या बदल्यात डोळा देईन म्हणून सांगितलं आणि दिला नाही, तेव्हापासून तो योकाई प्रत्येक घराणेप्रमुखाचा डोळा मागायला येतो. म्हणजे याचंही बालपण काही धड गेलं नसणार. नात्सुमेला तोको-सान मिळाल्या नसत्या तर तो मातोबा झाला असता का, की रेइको? मला वाटतं रेइको. मातोबा व्हायला मागे घराणं लागतं, रेइकोच्या मागे कुणीच नव्हतं.

हे सगळं मावसभावाला मेसेज करून पाठवलं, तर त्याचा रिप्लाय, ताई फाइट कुठल्या एपिसोडला आहे. त्याला तिसऱ्या सीझनमधले मातोबाचे एपिसोड सांगितलेत. भाताच्या शिताचं त्याला आत्ताच काही सांगत नाही.