पहिल्यांदा फेंडर घेऊन समुद्रात गेलो – माझा अनुभव

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी पहिल्यांदा एसटीएसच्या कामावर गेलो. एसटीएस म्हणजे शिप टू शिप, दोन टँकर भर समुद्रात एकमेकांना बांधून उभे राहतात आणि होजमधून एकाचं तेल दुसऱ्यात जातं. मी जहाजावरचा माणूस नाही, माझं काम त्या दोन जहाजांच्या मधल्या फटीतलं, फेंडरचं, म्हणजे जहाजं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये ठेवायच्या गादीचं. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मुंबईतल्या दारूखाना भागाजवळच्या एका छोट्या यार्डात लागलो, तिथे हे काळे अजस्त्र फुगे ठेवलेले असतात, ३.३ मीटर जाड आणि साडेसहा मीटर लांब, बाहेरून जुन्या टायरांचं आणि साखळ्यांचं जाळं. सगळे त्याला योकोहामाच म्हणतात, मग बनवलेला कोणी का असेना, कारण हवेचा फेंडर पहिल्यांदा त्या जपानी कंपनीने १९५८ मध्ये काढला.

फेंडर ही गोष्ट मला नवीन नव्हती खरं तर. बाबांची मच्छीमारीची बोट, भाऊच्या धक्क्याला लागताना बाजूला टायर लटकवलेले असायचे आणि लहान असताना दोन बोटी जवळ आल्या की पायाने ढकलायला गेलो तर बाबा जोरात ओरडायचे, पाय काढ आधी, टायर आहे ना तिथे. तेच तत्त्व इथे, फक्त बोट काही टनांची आणि इथे एकेक जहाज लाख टनांचं.

आमचे सुपरवायझर काका, तीस वर्षं याच कामात, त्यांनी मला पहिल्याच दिवशी गेज हातात दिला आणि विचारलं, सांग किती हवा भरायची. मी म्हटलं एवढा मोठा आहे म्हणजे ट्रकच्या टायरपेक्षा जास्तच असणार. ते म्हणाले, ५० किलोपास्कल. म्हणजे साधारण ७ पीएसआय, आपल्या कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असते! मला विश्वासच बसेना. आयएसओ १७३५७, म्हणजे हवेच्या फेंडरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात ५० आणि ८० असे दोनच दाब दिलेत, आमचे ५० वाले. मग काकांनी समजावलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण मला हे सगळ्यात आवडलं. जहाजाची बाजू म्हणजे पत्रा आणि आतून फ्रेम, तिच्यावर एकाच जागी जोर आला की पत्रा आत जातो. फेंडर मऊ असला की दाबला जाताना पसरतो, जेवढा जास्त दाबला जाईल तेवढी टेकायची जागा वाढत जाते, म्हणजे एकूण जोर वाढला तरी तो मोठ्या जागेवर वाटला जातो आणि पत्र्याच्या कुठल्याही एका इंचावर फार येत नाही. सुरुवातीला हळू, मग जास्त, असा तो जहाजाचा झोक पोटात घेतो, आपल्या जाडीच्या ६० टक्के दबेपर्यंतचं त्याचं माप ठरलेलं असतं.

आणि तो झोक किती असतो याचा हिशेब मी घरी येऊन केला. लाख टनांचं जहाज सेकंदाला फक्त २० सेंटीमीटरने सरकतंय, म्हणजे आपण चालतो त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याने, तरी त्यात २० टनांचा भरलेला ट्रक ताशी ५० च्या वेगात असतो तेवढी एनर्जी. आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. म्हणून जहाज जवळ आणताना मूरिंग मास्टर, म्हणजे दोन जहाजं जवळ आणून बांधण्याचं काम सांभाळणारा माणूस, वेगावर जीव टांगून बसलेला असतो.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. चार मोठे आणि दोन छोटे फेंडर तयार करायचे होते. दुपारी दोनच्या उन्हात मी कंप्रेसर लावून चारही ५० वर आणले, व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं, साखळ्या, स्विव्हल (फिरती कडी), शॅकल (पिन लावून बंद होणारी जोडकडी) बघितले, प्रत्येक शॅकलच्या पिनला वायर गुंडाळून घट्ट केली म्हणजे हेलकाव्यात पिन फिरून निघणार नाही. लिहून ठेवलं, घरी गेलो. सकाळी सहाला आलो तर चारही फेंडरचं रीडिंग ४१-४२. माझ्या पोटात गोळाच आला. बोट दहाला सुटणार, ज्या कंपनीने फेंडर मागवले होते त्यांचे सकाळपासून फोन, लवकर पाठवा, एवढं काय बघताय, फुगवलेत ना. मी धावत काकांकडे गेलो, चारही लीक आहेत म्हणून. ते शांतपणे म्हणाले, चारही एकदम? जरा विचार कर.

परत साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हला, फ्लँजला, एक बुडबुडा नाही. मग कळलं. काळं रबर ऑक्टोबरच्या उन्हात तापलेलं, आतली हवा पंचेचाळीस डिग्रीला गेलेली असेल, रात्रीत ती सत्तावीसवर आली, हवा तेवढीच पण दाब उतरला. गणित करून बघितलं तर बरोबर ८-९ किलोपास्कलचा फरक येतो. फेंडर पाण्यात पडला की त्याचा खालचा भाग समुद्राच्या पाण्यातच असतो, म्हणजे थंड, तर खरा आकडा सकाळचा. चारही पुन्हा ५० वर आणायला दोन तास गेले. फोन येत राहिले आणि काकांनी एकाही फोनला उत्तर दिलं नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. कमी हवेचा फेंडर दिसायला तसाच गुबगुबीत दिसतो पण जोर आला की जास्त दबतो, आणि दोन जहाजांमधलं अंतर तेवढंच कमी होतं. लाटेवर जहाजं डोलली की वरच्या बाजूला ब्रिज विंगला (जहाज चालवायच्या खोलीचा बाजूला बाहेर आलेला सज्जा) ब्रिज विंग लागायची भीती तिथेच असते.

बोट चालवणारा तांडेल आमच्याच ओळखीचा, त्याने पाण्याचा जोर कमी होईपर्यंत थांबून मग फेंडर लावायला घेतले, भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस होते म्हणून बरं, उधाणाचं पाणी असतं तर मुंबईच्या बाहेर हे काम फार अवघड होतं. चारही मोठे एका माळेत दोरांनी जोडून जहाजाच्या सरळ भागावर, पाण्यावर तरंगत. माळ शक्यतो जे जहाज येऊन लागणार त्याच्यावरच लावतात, म्हणजे ते कुठेही टेकलं तरी फेंडर त्याच्या सोबतच असतो. आणि तरंगतो म्हणून तेल गेलेलं जहाज वर येतं, घेतलेलं खाली जातं, तरी फेंडर बरोबर पाण्याच्या रेषेलाच राहतो.

छोट्यांना सगळे बेबी फेंडर म्हणतात, ते पुढच्या आणि मागच्या खांद्याला, म्हणजे जहाजाची सरळ बाजू जिथे वळायला लागते तिथे, उंच टांगतात, पाण्याला टेकतही नाहीत. त्यांची उंची जुळवण्यात एक तास गेला, वर डेकवरचे लोक दोर सोडतायत, खालून काका हात दाखवतायत, अजून फूटभर, अजून. मी काकांना म्हटलं पण, जहाजं तर मोठ्या चारवरच टेकणार आहेत. ते म्हणाले, लागताना नाही, सुटताना बघ.

लागणं फारच सुंदर झालं. मोठं जहाज हळू एका दिशेत चाललेलं, दुसरं जवळ जवळ येत गेलं, मधली पाण्याची पट्टी बारीक होत गेली आणि मग टायर पत्र्यावर घासल्याचा तो आवाज, कर्रर्र, खूप लांब आणि खोल. माळेतला दुसरा फेंडर चांगला हातभर दबला, एक क्षण तसाच राहिला, आणि हळू बाहेर आला. मी श्वास रोखून बघत होतो. तेल द्यायचं काम पूर्ण रात्र आणि दुसरा अर्धा दिवस चाललं, आम्ही दर थोड्या वेळाने बोट बाजूने नेऊन साखळ्या बघत होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सुटताना वारा बदलला होता. मागचे दोर सुटले, जहाजाची मागची बाजू बाहेर गेली तसा पुढचा खांदा आत वळला, आणि मोठे चारही फेंडर तिथून लांब! बेबी फेंडर बरोबर त्या जागेवर होता. आमच्या डोळ्यांसमोर तो चेपून अर्धा झाला, आवाज करत पत्र्यावर सरकला, आणि जहाज मोकळं झालं. काकांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

यार्डात आणून मी त्या बेबी फेंडरला गोड्या पाण्याने धुतलं, बाजूला जहाजाच्या रंगाची निळी पट्टी ओढली गेली होती, हात फिरवून बघितलं, रबर खरवडलं होतं पण आतला कॉर्ड, म्हणजे रबराला मजबुती देणारा धाग्यांचा थर, कुठे उघडा पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन यायच्या आधी गेज लावला. ५०.