रोबोगाडीची मोटर निवडताना: आधी ताणकाटा, मग कॅटलॉग

घरच्या घरी चाकांची रोबोगाडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास ठरलेला: किती आरपीएमची मोटर घेऊ? माझीही सुरुवात तिथूनच झाली. पण आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, हा सगळ्या हिशेबातला सोपा भाग निघाला. चाकाचा व्यास ६५ मिमी, म्हणजे परीघ साधारण २० सेंमी. गाडीनं सेकंदाला अर्धा मीटर जावं ही अपेक्षा, म्हणजे सेकंदाला अडीच फेऱ्या, मिनिटाला १५० च्या आसपास. संपलं. खरा घोळ टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाच्या जोराचा.

त्याबद्दल विचारलं की बहुतेक जण सांगतात, "जरा मोठीच घे, कमी पडायला नको." ऐकायला बरं वाटतं, पण मोठी मोटर वजनदार असते, जास्त करंट खाते, त्यासाठी मोठा ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट), मग मोठी बॅटरी, आणि त्या बॅटरीचं वजन ओढायला पुन्हा आणखी मोठी मोटर. हे चक्र कुठे थांबवायचं, हे कळायला एखादा ठोस आकडा हाताशी हवा होता.

काही पर्याय मात्र आकडे न मांडताच गळाले. शिकाऊ किटमध्ये येणारी पिवळ्या प्लास्टिकची टीटी मोटर ३ ते ६ व्होल्टवर चालते. तिचा स्टॉल टॉर्क, म्हणजे शाफ्ट अडकून बसेल तो टॉर्क, एक किलो-सेंमीसुद्धा (एक सेंमीच्या दांडीच्या टोकाला एक किलो लटकवल्यावर पडणारा पीळ) नसतो. अर्ध्या-पाऊण किलोच्या गाडीला ती छान, पण माझी गाडी बॅटरी आणि सामान धरून ३ किलोची होणार होती. एन२० ही धातूच्या गिअरची चिमुकली मोटर मला मनापासून आवडते, पण तिचा ३ मिमीचा शाफ्ट एवढ्या वजनाखाली ठेवायला जीव होईना. स्टेपर मोटर उभ्या जागीही करंट पीत राहते, त्यामुळे बॅटरीवरच्या गाडीला नकोच. ब्रशलेस मोटरला सेन्सर नसेल तर अगदी हळू चालवताना ती गचके देते. उरली ती साधी ब्रशवाली (फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे असलेली) डीसी गिअर मोटर.

चार मोटरींचा मोहही आधीच बाजूला ठेवला. चारही चाकं सरळ बसवलेली असली की वळताना ती आडवी घासत फिरतात आणि त्या घासण्यावर मात करायला जो टॉर्क लागतो तो सरळ चढ चढण्यापेक्षाही जास्त असू शकतो. दोन चालती चाकं आणि मागे एक कॅस्टर (कोणत्याही दिशेला वळणारं छोटं चाक), एवढं ठरवलं.

आता टॉर्क. चढाचा हिशेब कागदावर होतो. १५ अंशांच्या चढावर वजनाचा साधारण २६ टक्के भाग गाडीला मागे खेचतो, म्हणजे ३ किलोला ०.७८ किलो. चाकांच्या घरंगळण्याचा विरोध आणि वेग घेण्यासाठी थोडा जोर मिळून ०.३ किलो धरला. एकूण झाला १.०८ किलोचा ओढा. चाकाची त्रिज्या ३.२५ सेंमी, म्हणून ३.५ किलो-सेंमी, आणि दोन चाकांत वाटून प्रत्येकी १.७५. न्यूटन-मीटरमध्ये गेलं की माझा अंदाज सुटतो; किलो-सेंमीत डोळ्यांसमोर वजन लटकलेलं दिसतं.

पण एवढ्यावर मोटर ठरवायला मन तयार नव्हतं. गाडी भिंतीला टेकली आणि प्रोग्रॅम मात्र "पुढे चल" म्हणत राहिला तर काय? दोनच गोष्टी होऊ शकतात: चाक जागच्या जागी घसरेल, नाहीतर मोटर अडकून थांबेल. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो; अडकलेली मोटर म्हणजे नुसती तापणारी तार. तेव्हा अट अशी ठरली: चाक आधी घसरलं पाहिजे, मोटर अडकता कामा नये. चाक घसरवायला किती टॉर्क लागतो हे मोटर आणण्याआधीच मोजता येतं.

त्यासाठी प्लायवूडच्या फळीवर चाकं बसवली, बॅटरीच्या जागी बॅटरी ठेवली, सामानाच्या जागी तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी. चाकं फिरू नयेत म्हणून ती चिकटपट्टीनं फळीला घट्ट बांधली. मग ताणकाट्याचा (ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याचा) हूक पुढच्या बाजूला अडकवून, चाकांच्या आसाच्याच उंचीवर, हळूहळू ओढलं. काटा चढत गेला आणि सव्वा किलोच्या सुमारास गाडी फरशीवर सरकली. १.२५ गुणिले ३.२५, भागिले २: प्रत्येक चाकाला २ किलो-सेंमी. यापेक्षा जास्त टॉर्क त्या फरशीवर कोणतीही मोटर वापरूच शकत नाही, कारण त्याआधी रबर सुटतं. पिशवी कॅस्टरकडे सरकवली की हाच आकडा घटतो, म्हणून वजन चालत्या चाकांच्या जवळ ठेवणं हे मोटर बदलण्याइतकंच परिणामकारक आहे.

आकडा मिळाल्यावर कॅटलॉग वाचणं सोपं झालं. डीसी मोटरचा वेग भाराबरोबर सरळ रेषेत उतरतो: भार शून्य असताना पूर्ण वेग, स्टॉलला शून्य. मोटर नेहमीच्या कामात स्टॉलच्या चौथाईच्या आसपासच वापरावी, म्हणजे ती तापत नाही. २ ची चौपट ८. तेव्हा १२ व्होल्टची, ८ किलो-सेंमी स्टॉलची, बिनभार २०० आरपीएमची गिअर मोटर. चौथाई भाराला वेग चौथाईनं उतरतो आणि २०० चे १५० होतात, म्हणजे जुळलंच की! कॅटलॉगात "टॉर्क" एवढाच शब्द असेल तर तो स्टॉलचा की सतत चालण्याचा हे आधी विचारून घ्यावं. बहुतेक वेळा तो स्टॉलचा असतो, कारण मोठा आकडा छान दिसतो.

मोटरी हातात आल्यावर बॉक्सवरच्या छपाईवर विसंबलो नाही. मल्टिमीटरनं टोकांमधला रोध मोजला. ब्रशची जागा बदलली की वाचन हलतं, म्हणून शाफ्ट थोडाथोडा फिरवून बरीच वाचनं घेतली. ५ ओहमच्या आसपास स्थिरावली. १२ भागिले ५, म्हणजे स्टॉल करंट २.४ अँपिअर. मग शाफ्टला १० सेंमीची लाकडी पट्टी आवळली, तिचं टोक वजनकाट्यावर टेकवलं आणि क्षणभर ६ व्होल्ट दिले. काटा ३८० ग्रॅम दाखवत होता, म्हणजे ३.८ किलो-सेंमी, आणि १२ व्होल्टला त्याच्या दुप्पट. पूर्ण व्होल्टेज देऊन गिअरचे दात कशाला पणाला लावायचे?

ड्रायव्हर निवडायला आता विचारही करावा लागला नाही. सगळीकडे दिसणारा एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा. एक अँपिअरला सुमारे २ व्होल्ट तो स्वतःच गिळतो आणि उष्णता करून टाकतो. मॉसफेटवाला, म्हणजे नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा, टीबी६६१२ प्रत्येक मोटरला सतत १.२ आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो. स्टॉलचे २.४ त्या क्षणभराच्या मर्यादेत बसतात आणि चाक घसरतानाचा करंट पाऊण अँपिअरच्याही आत राहायला हवा. भिंतीला टेकवून बघितलं: चाकं कुरकुरत घसरत राहिली, मीटर ०.७ च्या आसपास हलत होता. बॅटरी तीन लिथियम-आयन सेलची, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीकडून असला करंट मागण्यात अर्थ नाही.

एकाच बॉक्समधल्या दोन मोटरीही सारख्या वेगानं फिरत नाहीत, म्हणून तीन मागवून त्यातल्या जवळच्या वेगाच्या दोन घेतल्या, आणि एन्कोडरवाल्याच, म्हणजे फेऱ्या मोजणारा सेन्सर बसवलेल्याच घेतल्या. मोटरच्या फेरीला ११ स्पंदनं, त्यांच्या चारही कडा मोजल्या तर ४४, गिअर १:३०, म्हणजे चाकाच्या फेरीला १३२०. सरळ जाण्यासाठी हे गरजेपेक्षा कितीतरी बारीक आहे. फक्त सुरुवातीला मोजणी मधूनच उड्या मारायची. ब्रशच्या ठिणग्यांचा तो गोंधळ होता. मोटरच्या टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवल्यावर थांबला.