बुडबुडे आणि काचेची कांडी

दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात सोडला की रांगेतल्या सगळ्यांची नजर त्या काचेच्या कांडीवर. गायीचं दूध २८-३० दाखवतं. कांडी त्याहून खाली गेली की पाण्याची शंका आलीच. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं ॲसिड तपासणारा मेकॅनिकही तशीच कांडी काढतो. घरच्या बिअरचा हायड्रोमीटर ही त्यांचीच धाकटी बहीण. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, ती १.०४८ वर तरंगते आणि यीस्टनं साखर खाल्ली की १.०१२ पर्यंत बुडते. फरकाला १३१ नं गुणा: ४.७ टक्के अल्कोहोल.

(१९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, आणि वर्धा-गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. यीस्टला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं.)

नवशिका कांडी सोडून एअरलॉककडे, म्हणजे बादलीच्या झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या पाणीभरल्या नळीकडे, पाहत बसतो. ज्यानं मोहाचा सडवा खदखदताना पाहिलाय, त्याला बुडबुडा म्हणजेच जीव वाटतो. पण झाकणाचं रबर नीट बसलं नसेल तर गॅस कडेनंच निसटतो. एअरलॉक मुका आणि आत काम जोरात. उलट, आंबणं संपल्यावरही दुपारी खोली तापली की विरलेला गॅस सुटतो आणि बुडबुडे येत राहतात. म्हणून विचारायचं ते कांडीलाच.

आणि तीही आपल्याकडच्या उन्हाळ्यात फसवते. तिच्यावर बारीक अक्षरात २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. तेवढ्या तापमानालाच तिचं खरं. मे महिन्यात टाकीचं पाणी सहज चाळिशीत जातं, आणि चाळीस अंशाच्या साध्या पाण्यात कांडी १.००० ऐवजी ०.९९४ दाखवते. तेवढ्याच गरम वर्टमध्ये १.०४२ दिसलं, तर खरा आकडा १.०४८ असतो. पण माणूस घाबरतो, मॉल्ट कमी पडला समजून वाटीभर साखर टाकतो, आणि बिअर पातळ, तिखट होऊन बसते. नमुन्याचं उंच नळकांडं माठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवलं तरी काम होतं. पंचविशीला आलं की चूक ०.००१ चीच उरते.

मॉल्टचा घट्ट अर्क थोड्या पाण्यात उकळून वरून पाणी घालत वीस लिटर करणाऱ्यांची गंमत वेगळी. जड पाक तळाशी, पाणी वर. वरून नमुना घेतला तर १.०३०, खालच्या तोटीतून घेतला तर १.०६०, आणि दोन्ही खोटे. पाच मिनिटं दणकून ढवळा. यीस्टला सुरुवातीला हवा लागतेच. पुढे मात्र ढवळायचं नाही. आंबत्या नमुन्यात कांडीला गॅसचे मणी चिकटतात आणि तिला वर उचलतात, म्हणून ती चिमटीत धरून गरकन फिरवायची. नमुना परत बादलीत ओतू नये, चाखून पाहावा.

आकडा १.०२० वर अडला तर कारण बहुधा मागे घडलेलं असतं. वर्ट काढताना धान्य ६५-६७ ऐवजी ७१-७२ अंशांच्या पाण्यात भिजलं, तर यीस्टला न पचणारी साखर जास्त निघते. मग वाट पाहून काही होत नाही. पौषातल्या थंडीत मात्र यीस्ट नुसतं गारठून तळाशी बसलेलं असतं. बादली उबेला न्या, हलकेच घुसळा, २० अंशांवर येऊ द्या. वैशाखात ते अडत नाहीच. तीस अंशांच्या वर ते दोन दिवसांत सगळं उरकतं आणि बिअरला थिनरचा वास मारतो. तेव्हा बादलीला ओलं पोतं गुंडाळून समोर पंखा लावा. कोरड्या हवेत हे छान चालतं. पावसाळ्यात कूलरसारखंच निकामी.

बाटल्या भरायच्या त्या तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे तंतोतंत जुळल्यावरच. १.०१२ ला थांबणारी बिअर १.०१६ असताना भरली, तर लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर न आंबता आत जाते. फेसासाठी आपण सहा-सात ग्रॅम मुद्दाम घालतो ती वेगळीच. ६५० मिलीच्या बाटलीचं बूच तेवढ्यानं उडालं तर नशीब. नाहीतर काच फुटते, आणि एकीच्या धक्क्यानं शेजारचीही.