आज पहिल्यांदा ट्रेलवर

गाडी अठरा वर्षांची फोर-बाय-फोर, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सगळी कंपनीच्या मूळ रूपातली. गेले दोन महिने प्रत्येक सुट्टीला मी तिच्याखाली आडवा पडलेलो. आज अखेर तिला दगडांवर नेलं!

दोन इंचांची लिफ्ट (उंच स्प्रिंगांचा संच) बसवली तेव्हा वाटलं होतं, आता खाली काही लागायचं नाही. पण मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते, त्या दांड्याच्या मधला डिफरेन्शियलचा गोळा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गियर त्यात असतात) आहे तिथेच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने. एका दगडाला तो खर्रकन घासला आणि ही गोष्ट डोक्यात पक्की बसली.

मग त्या चढावर मागचं एक चाक हवेत गेलं. तेच गरागरा फिरतंय, जमिनीवरचं ढिम्म. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा, नसला की असंच होतं. खाली उतरलो, टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली, फूटभर डावीकडून वाट धरली. लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद देणारे गियर), पहिला गियर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जेमतेम. टायर दगडाला अक्षरशः कवेत घेत चढले. वर पोचल्यावर दोन मिनिटं नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो.

(डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भराच. कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापतो, फुटूही शकतो.)

पुढचं काम लॉकर नाही, तर चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्ट केलेले भक्कम रिकव्हरी हुक, अडकलेली गाडी ओढून काढायला. आज एकटा अडकलो असतो तर दोर बांधायला धड जागा नव्हती.

आत्ता टॉर्च घेऊन पुन्हा खाली शिरलोय. डिफरेन्शियलवर बोटभर ओरखडा आहे, तेल कुठेच गळत नाहीये.