काच कुठे फुटते आणि तडा कुठे थांबतो: माझ्या एम.टेक. प्रोजेक्टचा अनुभव

विषय साधा होता: खिडकीच्या साध्या काचेची ताकद मोजायची आणि तिच्यात गेलेला तडा कुठे थांबतो ते बघायचं. भवानी पेठेतल्या काचवाल्या काकांकडून एकाच शीटच्या पट्ट्या कापून घेतल्या. "ताई, कडा घासून देतो, नाहीतर हात कापेल," ते म्हणाले. अर्ध्या घासून घेतल्या, अर्ध्या मुद्दाम तशाच ठेवल्या, कारण काच बहुतेक वेळा कडेवरच्या बारीक चिरेपासूनच फुटते.

लॅबमध्ये चार टेकूंवर वाकवून पट्ट्या तोडल्या. तुकडे उडू नयेत म्हणून दाबाच्या बाजूला सेलोटेप लावायची, ताणाच्या बाजूला अजिबात नाही. न घासलेल्यांपैकी एक पट्टी 40 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटली, तिच्याच शेजारून कापलेली 75 ला. सिव्हिलवाल्या मित्रांना ही मशीनची गडबड वाटली. ती नव्हती. इंग्रज अभियंता ग्रिफिथने 1921 मध्येच दाखवलं होतं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातल्या चिरा ठरवतात. काचेचा चिवटपणा, म्हणजे तड्याला वाढू न देण्याची क्षमता, साधारण 0.75 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरला, तर 50 मेगापास्कलला फुटायला कडेवर 50-60 मायक्रॉनची चीर पुरते. कुठल्या पट्टीच्या वाट्याला केवढी चीर येईल, हे कापतानाच ठरून गेलेलं असतं.

म्हणून सरासरी बाजूला ठेवली आणि वायबुलचा ग्राफ काढला, म्हणजे ताकदीचे आकडे किती विखुरलेत ते दाखवणारा. आकडे चढत्या क्रमाने लावायचे, प्रत्येकाला फुटण्याची शक्यता द्यायची, लॉगवर मांडायचे. रेषेचा चढ म्हणजे वायबुल मापांक; तो जितका कमी, तितके आकडे जास्त विखुरलेले. न घासलेल्या पट्ट्यांचा माझा 7 च्या आसपास आला. याचा अर्थ असा की ताणाखालची कड दहापट लांब केली, तर ताकद सुमारे 28 टक्क्यांनी घटते. बोटभर पट्टीचा आकडा बाणेरच्या टॉवरमधल्या मोठ्या तावदानाला जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे, हे मला त्या ग्राफने जितकं पटवलं तितकं कुठल्याच लेक्चरने नाही. दहा-बारा पट्ट्यांवर मात्र हा चढ ठरवू नका. तिसेक तरी हव्यात.

सगळ्यात जास्त वेळ मी तुटलेले तुकडे बघण्यात घालवला, आणि त्याचं समाधान वेगळंच आहे. तुटलेली बाजू टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरली की कडेजवळ आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसतो, त्याच्याभोवती धुरकट पट्टा, मग पिसासारख्या रेघा. तडा त्या अर्धगोलाच्या मध्यावरून निघालेला असतो. अर्धगोल लहान म्हणजे फुटतानाचा ताण जास्त. मायक्रोस्कोपखाली त्रिज्या मोजून मशीनचा आकडा ताडून बघता येतो.

थांबण्याचा भाग वेगळा निघाला. काचेवर मधोमध खाच ओढली, म्हणजे तडा भरकटत नाही, आणि टोकाला पातळ पाचर सरकवली. वाघोलीच्या खाणीत पाथरवट पाचर ठोकतात तेव्हा घावागणिक तडा जरासा पुढे जाऊन थांबतो, तेच इथे. पाचरीने फट ठरावीकच उघडते, त्यामुळे तडा दुप्पट लांब झाला की त्याला पुढे रेटणारी ऊर्जा सोळाव्या हिश्शावर येते. तेच वजन टांगून केलं, तर तडा वाढेल तसा जोर वाढतो आणि तो थांबतच नाही.

इथेच मला हवं ते सापडलं. ताकदीचे आकडे विखुरलेले होते, पण तडा थांबण्याची लांबी जवळजवळ सारखी येत होती. सुरुवात एकटी सगळ्यात वाईट चीर करते. थांबताना मात्र वाटेतल्या सगळ्या काचेचा चिवटपणा लागतो. शिवाय थांबण्याच्या लांबीत फुटायला लागणाऱ्या ऊर्जेचं चौथं मूळ येतं, म्हणजे या ऊर्जेत 10 टक्के फरक असला तरी लांबीत जेमतेम अडीच टक्के दिसतो.

पावसाळ्यात मात्र "थांबला" हा शब्द जपून वापरावा लागला. संध्याकाळी तड्याच्या टोकाशी मार्करने खूण केली, तर सकाळी टोक खुणेच्या पुढे असायचं. हवेतली वाफ टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडत राहते, आणि कमी ताणातही तडा रांगतो. वाकवण्याच्या चाचणीतही तेच: भार दहापट सावकाश दिला, तर काच दहा-पंधरा टक्के कमी ताणाला फुटते.

पुण्यात हे काम हाती घेणाऱ्यांनी प्रत्येक पट्टीसमोर आर्द्रता आणि भार देण्याचा वेग लिहून ठेवावा. पाचरीच्या चाचण्या सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात कराव्यात, नाहीतर मार्च आणि ऑगस्टचे आकडे एका ग्राफवर मांडता येत नाहीत.