किरणांनंतरचे मूत्राशय

आमच्या आप्पांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार दिले, तेव्हा खानापूरहून बेळगावची रोजची फेरी हाच आम्हाला सर्वांत मोठा त्रास वाटला होता. कर्करोग आटोक्यात आला. त्यानंतर पाच वर्षांनी, भातकापणीच्या दिवसांत, त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले आणि एका रात्री गुठळ्यांनी लघवी पूर्ण तुंबली. रोग उलटला असेच घरात सर्वांनी धरले. दुर्बिणीने तपासल्यावर कळले, की हा उपचाराचाच उशिरा दिसलेला परिणाम आहे.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशीच असल्यामुळे थोडे किरण मूत्राशयाच्या भिंतीवरही पडतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आतून बुजत जातात, भिंत कडक होऊन आक्रसते, आणि नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्या जराशा ताणानेही वाहू लागतात. हे काही महिन्यांनी घडते, तसेच दहा वर्षांनीही.

"रक्त येते तिथे टाका का घालत नाहीत?" असे आप्पांनी विचारले. प्रश्न भाबडा नव्हता, कारण सगळी अडचण त्यातच आहे: रक्तपुरवठा आटलेल्या भिंतीत टाका धरत नाही आणि जखम लवकर भरत नाही. म्हणून मोठी शस्त्रक्रिया शेवटी येते. आधी तीन तोंडांच्या नळीतून मूत्राशय सतत धुतात, दुर्बिणीतून गुठळ्या काढून वाहत्या जागा विजेने डागतात, तुरटीचे एक टक्क्याचे द्रावण सोडतात (दाढीनंतर गालावर फिरवतात तीच तुरटी, हे ऐकून आप्पांना त्याही अवस्थेत हसू आले), आणि सोय असेल तर दाबाखालील शुद्ध प्राणवायूची तीस-चाळीस सत्रे देतात.

आप्पांना यातल्या कशाचाच उतार टिकला नाही. अखेर लघवीची वाट बदलायचे ठरले. लहान आतड्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याला मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या जोडतात आणि त्याचे दुसरे टोक पोटावर उघडतात. अमेरिकेतील शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. मात्र तुकडा किरणांच्या टप्प्याबाहेरच्या आतड्याचाच हवा, तसा न मिळाल्यास मोठ्या आतड्याचा घ्यावा लागतो. माझ्या मते नातेवाइकांनी शल्यविशारदांना हा प्रश्न आवर्जून विचारावा. जुने मूत्राशय काढायचे की ठेवायचे, हेही तेव्हाच ठरते: काढणे जोखमीचे, आणि ठेवले तर त्यात पुन्हा रक्त किंवा पू साचू शकतो. आप्पांचे काढले.

संमतिपत्र कन्नडमध्ये होते. आप्पांची शाळा मराठी, म्हणून परिचारिकेने ते ओळीओळीने मराठीत समजावले. मग तिने त्यांना बसवून, उभे करून, वाकवून पोटावर आतड्याचे तोंड उघडायच्या जागी शाईने खूण केली, कारण जिथे घडी पडते तिथे लघवी गोळा करणारी पिशवी चिकटून राहत नाही. आप्पांच्या धोतराची गाठ नेमकी त्या खुणेवर येत होती. "खूण राहू दे बाई, गाठ मी हलवतो," असे ते म्हणाले, आणि तेव्हापासून ते धोतर चार बोटे वर नेसतात.